इवातेचं शून्य

आई, खोकं पोचलं.
दोन दिवस दाराबाहेरच ठेवलं होतं.
मग झाकण पुसलं, चिकटपट्टी पुसली,
तू लिहिलेलं माझं नावही पुसलं.
शाई फिसकटली,
'चिगुसा'तल्या हजार गवतांतलं
निम्मं गवत फडक्यावर आलं.

आत मुळ्याचं लोणचं, मिसोचा डबा,
गेल्या थंडीतले वाळवलेले पर्सिमन
आणि फटी बुजवायला चुरगाळलेले पेपर.
लोणचं उघडवलं नाही.
पेपर मात्र मांडीवर, जेवढी मांडी उरलीय तेवढीवर,
एकेक सपाट केला आणि वाचला:
पुलाची डागडुजी, वासरांचे भाव,
कुणाच्या तरी गोठ्यात अस्वल शिरलं,
आणि रोज वरच्या कोपऱ्यात
इवाते : ०

सगळ्या देशात एकट्या आपल्या प्रांताचं शून्य.
सगळे मिळून त्याला जपताय,
उबवणीतल्या अंड्यासारखं.
मी आले असते तर एक झाला असता.
खरं तर दोन.

फोनवर तू म्हणालीस,
"ये म्हणून जिभेवर येतं गं, पण
किकुचींच्या मुलाची गाडी बाहेरच्या नंबरची निघाली,
तर रातोरात काचेवर चिठ्ठी. 'परत जा.'"
मी म्हणाले, ठीक आहे.

पहिलं बाळंतपण माहेरी,
हे तुझ्या आईनं पाळलं, तिच्या आईनं पाळलं,
भूकंपाच्या वर्षी मावशीनंसुद्धा पाळलं.
मी कावासाकीत, सातव्या मजल्यावर.

पोटपट्टा कोहेईनं बांधला.
श्वानदिन होता, तेवढा तरी पाळला.
व्हिडिओ तीनदा थांबवून, जीभ बाहेर काढून बांधला,
गोदामात खोकी बांधतो तसा, वर गाठ.
हसायला हवं होतं.
तो हसला, आणि मग माझ्याकडे बघून थांबला.
आता तो बैठकीत झोपतो.
सरकत्या दारापलीकडे तो खोकला की
मी श्वास धरून दुसऱ्या खोकल्याची वाट बघते.

रात्री तीनला उठून लाथा मोजते.
दहा झाल्याशिवाय झोपायचं नाही.
डॉक्टरांनी नाही सांगितलं, माझं मीच ठरवलं.
परवा दहा झाल्या
आणि मला काहीच वाटलं नाही.
मग वाटलं, तू आतच राहा, बाहेर काही नाहीये.
मग वाटलं,
तू नसतासच तर.

नळ सोडून न्हाणीघरात बसले.
पाण्याचं बिल येईल, हेही तेव्हाच मनात आलं.

दर गुरुवारी वॉर्डातल्या हानावा बाईंचा फोन येतो.
झोप? ठीक. जेवण? ठीक.
'ठीक' इतका घासलाय मी
की त्यातून आरपार दिसावं.
या गुरुवारी तो शब्द सापडलाच नाही.
मी गप्प.
त्यांनी फोन ठेवला नाही.
त्यांच्या बाजूला किटली वाजून बंद झाली,
कावळा ओरडला, कुणीतरी कागद फाडला.
मग म्हणाल्या, आणि शेवटच्या शब्दाला
आपल्याकडचा हेल,
"मीही तिकडचीच. वडिलांच्या मातीला गेले नाही.
पुढचा फोन पाचला आहे. तोवर मी इथेच."

मी ते वाक्य सांगितलं.
नळाचंही सांगितलं.
त्या दचकल्या नाहीत. "अरेरे" म्हणाल्या नाहीत.
विचारलं, "हे लिहून घेतलं तर चालेल?"
चालेल, म्हणाले.
मंगळवारी एक डॉक्टर बोलणार आहेत माझ्याशी.
कोहेईला दारापर्यंत येऊ देतील.

बरं वाटतंय असं नाही, आई.
काल लोणचं उघडलं. तुझ्या कोठीचा वास
पडद्यांना लागलाय, कोहेई कुरकुरतोय.
तीन तुकडे खाल्ले, चौथा नको झाला.

पुढच्या खोक्यात पेपर जास्त घाल.
त्यात तेरा तारखेचा नाही.
अस्वलाचं पुढे काय झालं
ते कळलंच नाही.